एकशे त्रेचाळीस फोटो आणि एक लाल उशी

मला कुणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही, अनुभव आहे. बावीस वर्षं मी गोदामात फ्रिज आणि वॉशिंग मशीन उतरवून घेतोय. कुठे पोचा, कुठे ओरखडा, ते आधी शोधायचं, फोटो काढायचा आणि मगच सही ठोकायची. ट्रकवाले माझ्या पाठीमागे मला 'भिंग' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

त्यामुळे भाड्याची गाडी घेऊन दिवसभर बाहेर जायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "सगळं माझ्यावर सोड!"

"त्याचीच भीती वाटतेय," ती म्हणाली. "अहो, बारा म्हणजे बारा! आबांची लाँच कुणासाठी थांबणार नाही."

आबा म्हणजे माझे सासरे. शहरापासून तीन तासांवर एक तलाव आहे, तिथली प्रवासी लाँच त्यांनी एकतीस वर्षं चालवली. त्या रविवारी दुपारी बाराला तिची शेवटची फेरी होती. सोमवारी ती भंगारात जाणार होती. आबा फारसं बोलत नाहीत, पण चार दिवस आधीपासून त्यांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता आणि त्यावर कुणाला टेकू देत नव्हते.

घाईघाईत दाढी करताना हनुवटी कापून घेतली आणि सकाळी सव्वासहाला मी गाडीवाल्याच्या दारात हजर! त्याने कागदांतून मान वर न काढता मागच्या आवाराकडे बोट केलं. "ती पांढरी. भिंतीजवळची. दोन-चार ओरखडे आहेत, पण ते आधीचेच आहेत."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं आणि टॉर्च काढला.

खरी मेख इथेच असते महाराजा! परत देताना जुने ओरखडे नवे म्हणून दाखवतात आणि आपल्या गळ्यात मारतात. मी गाडीच्या चारही बाजू टिपल्या. चाकं टिपली. जमिनीवर उताणा झोपून तिचं पोटसुद्धा टिपलं. एकूण एकशे त्रेचाळीस फोटो! मग आत जाऊन सह्या केल्या, तोवर त्याने गाडी फाटकाशी आणून लावली. बायको आणि आबा तिथे ताटकळत उभेच होते.

"सव्वा तास काय करत होतात?"

"आपलं नुकसान टाळत होतो," मी म्हटलं.

पेट्रोल पंपावर उतरलो आणि बघतो तर काय! डाव्या दारावर वीतभर ओरखडा! लगेच फोटो पाहिले. फोटोतलं दार लख्ख!

"तुम्ही पाइप दाराला घासलात!" मी पंपवाल्याला धरलं.

"साहेब, टाकी उजवीकडे आहे."

"म्हणजे तुम्ही दोघं आहात! डावीकडचा कुठेय?"

मॅनेजर आला. तोही सामील असल्याचं मी चेहऱ्यावरून ओळखलं. या शोधात पाऊण तास गेला.

पुढे चहाला थांबलो. परत येतो तर मागच्या बंपरला वाटीएवढा पोचा! आणि त्याच्या शेजारी उभं कोण? आबा. हातात काठी!

"आबा," मी आवाजात जमेल तेवढी साखर घातली, "काठी कुठे लागली का हो?"

आबांनी काठीकडे पाहिलं, पोच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, एकतीस वर्षांत मी धक्क्याला लाँच घासू दिली नाही," एवढंच म्हणाले आणि काठी मांडीवर आडवी घेऊन आत बसले. नंतर खिडकीबाहेरच बघत राहिले. मला वाईट वाटलं हो! पण पोचा तर होता ना?

बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. शहाण्याने इथे थांबावं, पण तेवढ्यात मला आरशात एक हेल्मेटवाला दिसला. मोटारसायकलवर. बराच वेळ आमच्याच मागे! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीवाल्यानेच हा माणूस सोडलाय! आम्ही थांबलो की हा येतो, ओरखडा काढतो आणि पसार! मी गर्रकन गाडी आडरस्त्याला घातली. तोही वळला! मी पुन्हा वळलो. तोही वळला! शेवटी रस्ता एका अंगणातच संपला. मोटारसायकल मागोमाग येऊन थांबली आणि हेल्मेट निघालं. आत साठीच्या बाई होत्या.

"हे माझं घर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोण हवंय?"

मुख्य रस्त्यावर परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि तलाव अजून तासभर लांब होता. मागच्या सीटवर आबांनी घड्याळ पाहिलं आणि शर्टाची बाही त्यावर ओढून घेतली.

"गाडी थांबवा. फोन द्या इकडे," बायको म्हणाली. फोटो सरकवता सरकवता तिचा अंगठा थांबला. "मागच्या काचेशी ही लाल उशी कसली? आपल्या गाडीत कुठेय?"

मी वळून पाहिलं. खरंच नव्हती! "उशी कुणी पळवली?" मी ओरडलो.

"अहो, उशी कुठली पळवताय! ही गाडीच आपली नाही! सव्वा तास दुसऱ्याच गाडीचे फोटो काढलेत तुम्ही!"

मी सगळे फोटो पुन्हा चाळले. नंबरप्लेटचा एकही नव्हता. नंबरप्लेटला कोण ओरखडा काढतो हो? भिंतीजवळ दोन पांढऱ्या गाड्या होत्या, हे मात्र आता नीट आठवलं.

"आबा, चुकलो," मी म्हटलं.

"ते लाँच दिसल्यावर बघू," आबा म्हणाले.

बायकोने किल्ली घेतली आणि मला मागे बसवलं. तिने गाडी अशी काही हाणली की बोलायची सोयच उरली नाही. धक्क्यावर पोचलो तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती आणि लाँच जागेवर होती! नवा चालक धावत आला, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आज चाक तुमच्या हातात!"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर एक हात पडला. धक्क्यावरच्या चौकीचा हवालदार.

"ही गाडी तुम्हीच भाड्याने घेतली ना? शहरातून फोन आलाय, तुम्ही इकडे येणार हे गाडीवाल्याने सांगितलं. सकाळी एक इसम टॉर्च घेऊन सव्वा तास कुणाच्या तरी गाडीखाली लोळत होता. त्या गाडीच्या मालकाने कॅमेऱ्यात पाहिलं. गाडीत लाल उशी होती म्हणे."

"साहेब, मी संशयित नाही! मी तर संशय घेत होतो!"

आबांचा एक पाय लाँचच्या फळीवर होता. तो त्यांनी मागे घेतला. "जावईबापूंना असं टाकून कसा जाऊ?"

सकाळी मी या माणसाच्या काठीवर संशय घेतला होता! "आबा, जा तुम्ही!" मी ओरडलो. "बारा वाजले!"

लाँच सुटली. चाकावर आबा, शेजारी बायको. मधोमध गेल्यावर आबांनी भोंगा दिला, लांबलचक. मला हात हलवून दाखवायचा होता, पण हवालदार म्हणाला, "हलू नका."

त्याने फोन काढला. माझा समोरून फोटो काढला, मग डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून. मग वाकून अगदी जवळ आला.

"हनुवटीवर हे काय? झटापट?"

"साहेब, ते आधीचंच आहे."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि टॉर्च काढला.