बाबा अकरा वेळा वारले

मला कुणी सांगितलं होतं चांगुलपणा करायला? उभ्या आयुष्यात केला नाही आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हौस आली.

आमची आक्का, माझी थोरली बहीण, रविवारी कायमची लेकीकडे राहायला निघाली होती. तिला बरोबर न्यायचा होता आमच्या बाबांचा फोटो. फोटो कसला, बाबा वारले तेव्हाच्या साप्ताहिकातलं कात्रण. आईनं कापून चौकटीत बसवलेलं. बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात होतो (तिथंही स्वस्थ नव्हतो म्हणतात), त्यामुळे मी बाप पाहिला तो एवढाच, काडेपेटीएवढा. त्यात काचेआड ओल शिरली आणि बाबांची हनुवटी गेली.

"लायब्ररीत जुने अंक असतात म्हणे," आक्का म्हणाली. "तिथून नीट छापून आण. आणि मेल्या, मस्करी नकोय हं!"

"आक्के, बापाची शपथ!"

"शपथ घेऊ नकोस. तू शपथ घेतलीस की मला धडकी भरते."

लायब्ररीचे जुने अंक तळघरात. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागतो, आणि तोही अर्धवट मनानं लागतो. ग्रंथपाल बाई काटकुळ्या, चपलेचा आवाज नाही, बोलणं कुजबुजल्यासारखं. सही करताना मी त्यांच्या रजिस्टरात हळूच रबरी पाल ठेवली. बाईंनी ती शेपटीला धरून उचलली आणि म्हणाल्या, "जाताना आठवणीनं घेऊन जा." तेव्हाच मी ओळखलं, हे पाणी वेगळं आहे.

त्या सालचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून बाई अंधारात विरघळल्या. पान तीन, खालचा कोपरा, 'दुःखद निधन'. बाबा! हनुवटीसकट! "नमस्कार करतो बाबा," मी म्हणालो. पलीकडच्या भिंतीनंही बारीक आवाजात नमस्कार केला.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण माझा हात जन्माचा वळवळ्या. आणखी पानं उलटली. चार महिन्यांनी पुन्हा 'दुःखद निधन', आणि पुन्हा बाबा! तीच मिशी, तीच बंद गळ्याची कॉलर, डावीकडे बघणं तेच. खाली नाव मात्र एका निवृत्त हेडमास्तरांचं. चष्मा पुसला. पुसून दुसऱ्या वर्षात गेलो. तिथं बाबा लाकडाचे व्यापारी म्हणून वारले होते. पुढे वकील म्हणून. मग स्टेशनमास्तर म्हणून.

आणि मरणागणिक माणूस खंगत चाललेला. हेडमास्तरांना दोन्ही कान होते, वकिलांना एकच. स्टेशनमास्तरांचा डावा डोळा पांढरा पडलेला. शेवटच्या अंकात तर नुसती मिशी उरली होती, आणि एक डोळा. तो डोळा आता डावीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. पंखा बंद होता आणि पान हललं. (माझाच श्वास लागला असणार. असणारच.)

उलटा मागे गेलो. बाबांच्या आधीही हा माणूस तीनदा मेला होता! पहिल्यांदा तर माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी. म्हणजे मग मी... तुम्ही विचार करू नका. मी केला, तेवढा पुरे.

"सापडले का वडील?"

कानाशी आवाज आला आणि मी इतक्या मोठ्यांदा किंचाळलो की वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं पुस्तक पडलं.

"सापडले," मी म्हणालो. "अकरा सापडले."

बाई हसल्या नाहीत. दुसरा एक गठ्ठा आणला, न शोधता पान उघडलं, बोट ठेवलं. तोच माणूस! टवटवीत, दोन्ही कान शाबूत. वर ठळक अक्षरांत, 'सहा महिन्यांचा खोकला आठ दिवसांत गेला!'

"जाहिरातीतला आहे," बाई कुजबुजल्या. "तेव्हा फोटो छापायला धातूचा ठसा लागायचा. ज्यांच्या घरी फोटोच नसायचा, त्यांच्या बातमीला छापखानेवाले हाच ठसा लावायचे. लावून लावून झिजला बिचारा."

"बाई, मस्करी करताय ना?"

"लायब्ररीत मस्करीला मनाई आहे," बाई म्हणाल्या आणि माझी पाल माझ्या हातात दिली.

घरी निघालो. आक्का जन्मभर त्या चौकटीशी बोलत आली. नोकरी लागली तेव्हा पहिली बातमी त्याला. नवरा गेला तेव्हा रडली त्याच्यापुढे. मला रागवायची तेही त्यालाच साक्षीला धरून, "बघा बाबा, काय दिवे लावतोय तुमचा लेक!" आणि तो कोण? खोकलेवाला! आता या वयात तिला बाप कुठून आणून देऊ? शेवटी ठरवलं, चूप बसायचं. जन्मभर गमतीसाठी थापा मारल्या, एक मायेनं मारू.

आक्कानं नवा छापलेला फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघत राहिली.

"बाबा छान आलेत, नाही?" मी म्हणालो.

"हं. खोकला किती दिवसांत गेला म्हणाला होता हा? आठ ना?"

"आक्के! तुला ठाऊक होतं?"

"सहा वर्षांची होते मी. बापाचं तोंड विसरेन होय? आणि याची जाहिरात तर दर अंकात असायची. आई म्हणाली, धाकट्याला सांगू नकोस. पोराला कुणाकडे तरी बघून बाबा म्हणता येऊ दे."

"मग तू रोज याच्याशी का बोलायचीस?"

"सवय लागली. मधे बोलत नाही, मस्करी करत नाही. घरात असा एकच पुरुष होता."

"आक्के, मग आपले खरे बाबा दिसायचे कसे ग?"

तिनं चष्मा चढवला. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. खूप वेळ बघितलं. माझे डोळे भरून आले.

"थेट असेच," ती म्हणाली, आणि सुस्कारा सोडून खोकलेवाल्याला साड्यांच्या घडीत ठेवत पुढे म्हणाली, "म्हणून तर याला नेतेय."