चार ते पाच : वहनव्यय

एके दिवशी सकाळी दार उघडलं तर दारावर एक कागद चिकटवलेला. कार्बन लावून काढलेली प्रत, निळी अक्षरं, खाली सही आणि सहीखाली दोन रेघा. मथळा होता, 'वायफाय आवर्तन क्र. १'. त्याखाली तक्ता. सकाळी सहा ते दहा, हेड, म्हणजे तळमजला. दहा ते चार, टेल, म्हणजे वरचा मजला. चार ते पाच, वहनव्यय. पाच ते नऊ, पुन्हा टेल. आणि तळाशी, 'पाळी मोडून वापर करणाऱ्यावर कारवाई होईल. नोंद घ्यावी.'

मी तोंडात ब्रश तसाच ठेवून तो कागद तीनदा वाचला. नवऱ्याला हाक मारली तर तोंडातून नुसता फेस आला.

हे काम आमच्या घरमालकांचं, ढवळेनानांचं. केडगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. नाना इरिगेशन खात्यात बत्तीस वर्षं कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ जायचं, हे ठरवायचं आणि पाळायला लावायचं. नानांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कालवा काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. नळाला, गॅसच्या गाडीला, आमच्या गच्चीवरच्या वाळवणाला, सगळ्याला त्यांच्या लेखी एक हेड असतं आणि एक टेल. हेड म्हणजे जिथून पाणी निघतं ते तोंड आणि टेल म्हणजे शेवटचा माणूस, ज्याच्यापर्यंत ते कधीच धड पोहोचत नाही.

आता माझा धंदा ऐका. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरात बसून, कानाला हेडफोन लावून, लोकांचे हटून बसलेले कॉम्प्युटर ताळ्यावर आणते. 'सर, राउटर एकदा बंद करून चालू करा' हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. आणि माझ्याच लॅपटॉपचं नेट म्हशीसारखं चालत होतं. राउटर खाली नानांच्या खोलीत, त्यांच्या मुलानं कधीतरी बसवलेला. नाना स्वतः म्हणायचे, "मला काय करायचंय नेटचं? तुमीच वापरा." पण माझे कॉल मध्येच तुटू लागले. सुपरवायझरनं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल. नवऱ्याची झेडपीची शाळा पारनेरकडे. तीन वर्षं शनिवार-रविवारचा संसार केल्यावर आत्ता कुठे आम्ही एका छताखाली आलो होतो. ते पुन्हा मोडणार या विचारानं मला खरोखर रडू यायचं. म्हणून मी नानांकडे तक्रार घेऊन गेले होते आणि दुसऱ्या दिवशी हा कागद आला.

तो कागद घेऊन मी तणतणत खाली गेले.

"नाना, वायफायची पाळी लावतं का कुणी?"

"मॅडम, गेज घेतलं का?" नानांनी शांतपणे विचारलं.

"कसलं गेज?"

"व्हय, म्हंजी पान्याची पातळी न मोजताच बोंबलताय."

त्यांनी खिशातून खडू काढला. पुढचा अर्धा तास मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखा धरून जिन्याच्या चौदा पायऱ्या एकेक करून चढले. प्रत्येक पायरीवर नाना ओरडायचे, "किती काड्या?" मी पडद्यावरच्या वायफायच्या रेघा मोजून सांगायची आणि ते वाकून पायरीवर आकडा लिहायचे. समोरच्या घरातल्या बायका कामं सोडून ओट्यावर येऊन बसल्या. पहिल्या पायरीवर चार काड्या, सातव्या पायरीवर दोन आणि चौदाव्या पायरीवर एक. "ती बी मरतुकडी. नोंद घ्या," नाना म्हणाले. नोंद मीच घ्यायची होती, कारण खडू संपला होता.

"ह्यो टेलचा दोष न्हाई. हेडलाच कायतरी आडवं आलंय," असं म्हणून ते घरात शिरले. मी मागोमाग. राउटर भिंतीला होता आणि त्याच्यापुढे भलंमोठं लोखंडी कपाट. कपाटावर पितळेचे दोन हंडे, एक घंगाळ आणि पत्र्याची ट्रंक.

"मोरीच्या तोंडात कपाट हुबं केल्यावर पानी जाईल कुठनं?" नानांनी मला विचारलं, जणू कपाट मीच ठेवलं होतं.

मी सर्द झाले. 'मॅडम, तुमचा राउटर कुठे ठेवलाय, समोर लोखंडी वस्तू आहे का' हा प्रश्न मी रोज परक्या लोकांना विचारते. त्याचा मला पगार मिळतो. माझ्या नावाचं एक प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आहे. आणि दोन महिन्यांत मला स्वतःच्या राउटरचं तोंड बघायचं सुचलं नव्हतं. ते एका खडूवाल्या माणसानं अर्ध्या तासात शोधलं. आम्ही राउटर काढून जिन्याकडच्या दारावर टांगला. काढताना त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. राउटर उघडून आत बघायचा परवलीचा शब्द त्यावर होता. नाना तो एरवी देत नसत. गेटची चावी निरीक्षकाकडेच राहते, असं त्यांचं म्हणणं.

नेट धावायला लागलं, फक्त चार ते पाच सोडून. चार वाजले की माझ्या पडद्यावरचं चाक गरगर फिरायला लागायचं आणि पाचला आपोआप थांबायचं.

"त्यो वहनव्यय," नाना म्हणाले. "पानी वाहताना थोडं जमिनीत मुरतंच. खातं बी ते धरून चालतं. त्याला मालक नसतो."

"नाना, वायफाय जमिनीत मुरत नाही."

"तुमी किती कालवे चालवले?"

मी म्हटलं, मग कुणीतरी चोरत असेल. चोरी म्हटल्याबरोबर नाना ताठ झाले. "डोंगळा!" डोंगळा म्हणजे कालव्यात गुपचूप टाकलेला पाइप, ज्यातून पाणी ओढून शेतात घेतात. काठी घेऊन ते गल्लीत निघाले. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका गरीब मास्तरांच्या गच्चीवर टीव्हीची छत्री होती. नानांनी तिचा पंचनामा केला आणि त्यावर खुद्द मास्तरांचीच साक्षीदार म्हणून सही घेतली. मास्तर मला नंतर दबक्या आवाजात विचारत होते, आपण नेमकं काय केलं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात चार वाजून वीस मिनिटांनी माझा आणखी एक कॉल तुटला. सुपरवायझरचा निरोप आला, सोमवारपासून पुण्याला या. मग तो चिठ्ठीचा फोटो आठवला. राउटर उघडला. जोडलेल्या यंत्रांची यादी आली. माझा लॅपटॉप, माझा मोबाईल आणि एक अनोळखी फोन. तो एकटा एवढं ओढत होता की माझ्या वाट्याला थेंब उरत नव्हता.

चोर सापडला! हे सांगायला मी जिना उतरून धावले. नानांचं दार लोटलेलं होतं. मी तशीच आत घुसले आणि जागच्या जागी खिळले.

नाना सतरंजीवर मांडी घालून बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. समोर तांब्याला टेकवून एक मोबाईल उभा केलेला. त्याच्या पडद्यावर एक म्हातारी बाई. बाई म्हणजे तिची पाठ. हिरवं लुगडं, पांढरा अंबाडा. ती पाठमोरी बसून सुपात काहीतरी निवडत होती. ना ती बोलत होती, ना नाना. मला बघताच नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

मला संताप आला, हे कबूल करते. गल्लीभर चोर शोधत फिरणारा माणूस स्वतःच डोंगळा टाकून बसला होता आणि माझी नोकरी चालली होती. पण त्या बोटामुळे मी गप्प राहिले. पाच वाजले, फोन बंद झाला, तेव्हा म्हटलं, "नाना, सोमवारी मी पुण्याला चाललेय. याच्यामुळे."

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"माझी थोरली बहीण. गयाक्का," ते म्हणाले. "शेवगावच्या अंगाला दिली. बरोब्बर टेलवर. एका उन्हाळ्यात दाजीनं डोंगळा टाकला. मोसंबीची बाग वाळत हुती. मीच धरला, मीच पंचनामा केला, पाइप जप्त केला. दुसऱ्यांचे धरत हुतो, घरचा कसा सोडू? बाग जळली. अक्का म्हनली, पुन्यांदा तोंड दावू नको. सव्वीस वर्सं झाली. दाजी गेला, तवा बी मला दारातनं माघारी लावलं."

"आणि आता?"

"आता तिची सून चारला फोन लावून देती. अक्का पाठ करून बसती. बोलत न्हाई. पन उठून बी जात न्हाई." नानांनी तांब्या बाजूला सारला. "मधी मधी फोन अडाकतो. तवा ती सुनंला म्हनती, बघ, पळाला. मंग मला लई वाईट वाटतं."

फोन का अडकत होता, हे मला आता कळत होतं. चार ते पाच माझेही कॉल जोरात चालायचे. मी त्यांना चोर समजत होते आणि रोज तोच तास मीही त्यांच्याकडून ओरबाडत होते.

"मला सांगायचंत ना, नाना."

"काय सांगू? बत्तीस वर्सांत वशिल्यानं एक थेंब सोडला न्हाई. आता भाडेकरूचा तास घेतला, तर कागदावर काय लिव्हायचं? वहनव्यय लिव्हलं."

त्या संध्याकाळी मी सुपरवायझरला फोन केला. कंपनी दिवसात एक तासाची सुट्टी देते. ती मी दुपारी एकला घ्यायची. ती चार ते पाच करून मागितली आणि एकही कॉल तुटला तर स्वतःहून पुण्याला येते, असं सांगितलं. तो कुरकुरला, पण तयार झाला. दुसऱ्या दिवशीपासून चार वाजले की मी लॅपटॉप आणि मोबाईल, दोन्ही बंद करून जिन्यावर चहा घेऊन बसू लागले. खालून काही आवाज यायचा नाही. पाचला नाना बाहेर येऊन सांगायचे, "आज लई साफ दिसली. लुगड्याचा काठ बी दिसला." दहा-बारा दिवस नुसती पाठच चालली होती.

मग एका गुरुवारी पाच वाजून गेले तरी नाना बाहेर आले नाहीत. मी काळजीनं उठतच होते, तर ते जिना चढून वर आले. चौदाव्या पायरीवर उभे राहिले. टोपी हातात, श्वास लागलेला, डोळे लाल.

"नाना, काय झालं?"

"बोलली."

"कोण? अक्का? काय बोलल्या?"

"शिव्या दिल्या, पोरी. तोंड माझ्याकडं फिरवून, डोळ्यांत बघून, बरोब्बर तासभर. मोसंबीचं एकेक झाड मोजून शिव्या दिल्या." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाना ते पुसतही नव्हते. "तासाभरात एक बी शबूद अडाकला न्हाई. नोंद घे."

मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हननार?" नाना म्हणाले. "पाळी तिची हुती."