श्रीपादराव मोघे यांच्या पायांची कैफियत

श्री सांब प्रसन्न. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, राजश्री श्रीपादराव मोघे यंत्रविद्या संपादावयासी पुण्याहून निघोन, जर्मन मुलखी एर्लांगेननजीक एका चिमुकल्या विद्यालयी डेरेदाखल जाहले, आणि तेथील फुटबॉलफौजेत शिरोन त्यांणी जी कीर्ती केली, तिची हकीकत ऐसीजे.

रावांचे नावातच पाय, आणि पायात वीज. त्या मुलखी गोलास 'टोर', म्हणजे दरवाजा, म्हणतात. मग काय विचारता! आसपासचे तमाम दरवाजे रावांणी खिळखिळे केले. परंतु खोड एक भारी. गर्दीत गनिमास पाय लागला की राव थबकत, आणि वाकोन त्यास हात लावीत, आणि तो हात आपले छातीस लावीत, आणि मगच पुढे सरत. तोवर गनीम चेंडू घेवोन पसार! आईने लाविलेले वळण ते, सुटते कैसे?

कप्तान होर्स्टसाहेब संतापोन लाल जाहले आणि फर्मान सोडिले की, म्युनिकच्या जंगी विद्यालयाशी अखेरची झुंज आहे, तीत एकदा जरी वाकलात तरी कायमचे बाकावर बसाल, आल्झो, म्हणजे तेव्हा, समजोन असावे. राव खोलीवर येवोन हिशेब करू लागले. परमुलखी भाषा धड येईना, थंडी सोसेना. मैदानात तेवढे लोक नाव घेवोन हाक मारीत. तेही गेले तर राहिले काय? खोलीतले सोबती भास्करपंत म्हणाले, "अरे, मनातल्या मनात कर की नमस्कार!"

मग रण माजले. एक गोल यांचा, एक त्यांचा. राव पाय लागताच दात आवळीत, मनातल्या मनात हात जोडीत, आणि जीव नुसता कासावीस होई. अखेरचे समयी राव चेंडू घेवोन दरवाजाशी भिडले, तो ओटो नामे धिप्पाड म्युनिककर आडवा आला, आणि रावांचा पाय त्याचे नडगीवर खाडकन बैसला. "आई गं!" ऐसे रावच ओरडले, आणि हात आपोआप खाली गेला.

होर्स्टसाहेबांणी कपाळ बडविले. ओटोस वाटले, बिचाऱ्यास घेरी आली. भला माणूस तो, चेंडू सोडोन "बिटे, बिटे", म्हणजे कृपा करोन उठा, ऐसे म्हणत रावांस उठवू लागला. राव उठले, हात छातीस लाविला, चेंडू पुढ्यातच होता, तो ढकलिला. दरवाजा फत्ते!

एकच कल्लोळ जाहला. होर्स्टसाहेब धावत आले, हुकूम केला की हा डाव उद्यापासून तमाम फौजेस शिकवावा. राव म्हणाले, "नाही हो, डाव नव्हे तो." साहेब "गेनाऊ, गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, ऐसे म्हणत मिठी मारते जाहले, त्या भरात त्यांचा बूट रावांचे पायावर पडिला. साहेब थबकले. इकडेतिकडे पाहिले. मग हळूच वाकोन रावांचे पायास हात लाविला, आणि तो आपले छातीस नेला. बाजू चुकली, उजवीस लाविला.

येणेप्रमाणे म्युनिककरांची शिकस्त जाहली, राव बाकावर बैसले नाहीत, आणि कप्तानाचा नमस्कार, जैसा आला तैसा, रुजू करोन घेतला असे.