सात भाषांत दुमडणे

सात भाषांत ‘दुमडणे’ म्हणू शकणारा दुसरा माणूस भोर तालुक्यात दाखवा, मी मिशी उतरवतो!

निवृत्त शिक्षकाने बागकाम करावं असं आमच्या हिचं मत. मी मोबाईलवर भाषा शिकायला लागलो आणि एके दिवशी मला ‘प्लिकारे’ भेटलं. लॅटिन क्रियापद. अर्थ दुमडणे, वाकवणे. त्याची लेकरं युरोपभर पांगली. फ्रेंचातलं ‘प्लिये’ आणि इटालियनमधलं ‘पियेगारे’ ही दोघं गुणी, अजून घरचंच काम करतात. पण स्पॅनिशमधल्या ‘येगार’चा अर्थ झाला पोचणे आणि रोमानियनमधल्या ‘प्लेका’चा निघून जाणे! म्हणे खलाशी बंदराला पोचले की शिडं दुमडायचे आणि सैनिक निघताना तंबू दुमडायचे. एकाच आईची लेकरं, एक म्हणतं आलो, दुसरं म्हणतं चाललो! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ही म्हणाली, “बरं झालं, भाजी कमीच होती.”

आणि त्याच आठवड्यात ठकुबाईचा निरोप आला.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडी आहे. तिथल्या शाळेत मी सहा वर्षं काढली. ठकुबाईचे दोन्ही मुलगे, म्हादू आणि कुंडलिक, माझ्या हातचा मार खाऊन मोठे झाले. बाप आजारी असताना चंद्री नावाची म्हैस कुणी बाजारात नेली यावरून दोघांचं फाटलं, ते अकरा वर्षं एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. एकाच घरात मधे कूड घातलेला, दारं दोन. म्हातारी म्हादूकडे. कुंडलिक खिडकीतून आईशी बोलायचा, पण उंबऱ्याच्या आत पाय नाही.

आता म्हातारीने अंथरूण धरलं होतं. मी गेलो तर तिने माझा हात घट्ट धरला.

“गुरुजी, मला औशिद नगं, काय नगं. ही दोगं येकमेकासंगं येक डाव बोलल्याली माज्या कानांनी ऐकू द्या. तुमी लई शिकल्यालं. तुमचं ऐकतील.”

“ठकुबाई, काम झालं समजा!” असं मी म्हणालो. छातीवर हात मारून म्हणालो.

रविवारी अंगणात घोंगडं अंथरलं. वाडीतले जाणते सोनबा मधे बसले, म्हादू एका टोकाला, कुंडलिक दुसऱ्या. खिडकीच्या आत म्हातारी कान देऊन. सोनबा म्हणाले, “बोला गुरुजी.” आता साध्या माणसाने सांगितलं असतं की बाबांनो, झालं गेलं विसरा. पण माझ्याकडे प्लिकारे होतं!

मी रोमपासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी मुद्द्यावर आलो. “लॅटिन ही आई. तिची लेकरं वेगळी झाली. का झाली? कारण आई मेली! आई केव्हाच मेली!”

म्हादू हळूच म्हणाला, “गुरुजी, आय अजून हाय.”

“ती नव्हे रे!” मी म्हणालो. “थांबा, करूनच दाखवतो. उठा सगळे!”

जुनी सवय हो! गुरुजी उठा म्हणाले की उठायचं. सोनबासकट सगळे उठले. मी घोंगडं उचललं, दोन टोकं जुळवून झकास घडी घातली आणि ओरडलो, “हे बघा! आलो की चाललो? घडी तर एकच!”

सोनबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

“बैठक मोडली,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“घोंगड्याची घडी पडली म्हंजी बैठक मोडली. आता फुडल्या रविवारापातूर त्यावर बोलनं न्हाई. हितली रीत हाय गुरुजी. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?”

सहा वर्षं त्या वाडीत राहिलो आणि मला ठाऊक नव्हतं! “मग परत अंथरतो की!” म्हणून मी घोंगडं भर्रकन पसरलं. ते पडलं उलटं.

आणि वाडीत उलटं घोंगडं फक्त मयताखाली घालतात.

नेमकी त्याच वेळी म्हादूची बायको सारजाबाई चहा घेऊन चुलीकडून बाहेर आली. उलटं घोंगडं, भोवती माना खाली घालून उभे पुरुष! तिच्या हातातलं ताट पडलं आणि तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून पुरुषांना वाटलं, ही घरातून आली त्या अर्थी आत म्हातारी वारली. शेजारच्या बायकांनी सूर धरला. कुणीतरी खडकावर चढून, जिथे रेंज येते तिथून, वेल्ह्याला म्हातारीच्या माहेरी फोन लावला. म्हादू दारात धावला आणि त्याच्यामागे कुंडलिक! अकरा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत!

ठकुबाई अंथरुणावर उठून बसली होती.

“कोन गेलं गं?” तिने विचारलं.

सारजाबाईने पदर तोंडात कोंबला.

मग तिने बघितलं. एका बाजूला म्हादू, दुसऱ्या बाजूला कुंडलिक, दोघं खाली बसलेले. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलो! “बोला की रं आता,” ती म्हणाली. “म्या गेलीच आसं समजून बोला.”

पाऊण तास दोघं जमिनीकडे बघत होते. म्हातारी एकाकडे बघायची, मग दुसऱ्याकडे. शेवटी म्हादूने घसा खाकरला. तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं!

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. म्हातारीचा भाचा गोरख बांबू, मडकं, नारळ सगळं घेऊन वेल्ह्याहून आला होता. तो रडतच आत शिरला आणि तिच्या पायांवर पडला, “आत्ते! गेलीस गं!” तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या गोंधळात कुंडलिकला आपण कुणाच्या घरात बसलोय याची आठवण झाली असावी. तो उठून गेला.

“रविवारपातूर थांबते,” ठकुबाई मला म्हणाली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

बांबू कोण परत नेणार? ते तिच्या खिडकीबाहेर भिंतीला टेकून राहिले.

शुक्रवारी सकाळी ती गेली. गोरखने फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं, “गुरुजी तितं आल्यात का?” मागच्या खेपेसारखीच ही माझी करामत असेल म्हणून त्याला खरं वाटायला दुपार झाली.

मी गेलो. मागेच उभा राहिलो, तोंड उघडायचं नाही असं ठरवून. तिरडी बांधायला दोघं भाऊ बसले, दोन टोकांना. म्हादूने मान वर केली आणि मला जवळ बोलावलं.

“गुरुजी, त्याला सांगा, दोरी आवळून धर.”

कुंडलिक तीन हातांवर होता. मी त्याच्याकडे वळलो. “तो म्हणतोय, दोरी आवळून धर.”

“त्याला सांगा, धरलीया.”

“तो म्हणतोय, धरली आहे.”

“त्याला सांगा, आयचं डोकं तिकडं येनार हाय. सावकाश.”

मी सांगितलं. कुंडलिकचे हात थांबले.

“त्याला सांगा, मला ठावं हाय. माजीबी आय हाय.”

मी ते म्हादूला सांगितलं. जसंच्या तसं. पदरचं काही घातलं नाही.