दही लागलं म्हणजे जंतू जिवंत

ओट्यावर उपडा घातलेला छोटा डबा दिसला आणि सुनेच्या हातातला चहाचा कप तिरका झाला.

"आई, हा डबा फ्रिजमध्ये होता ना? अगदी मागे?"

"हो. घासून ठेवलाय."

"आणि त्यातलं?"

"विरजण? लावलं की दुधाला. आपलं संपलं होतं."

सून कुक्कुट संशोधन केंद्रात नोकरीला होती. केंद्रातला फ्रिज बंद पडल्यामुळे तिनं परवा दोन डबे गुपचूप घरी आणले होते. एकात सडपातळ कोंबड्यांच्या आतड्यांतले जिवंत जंतू. ते जाड होणाऱ्या पिल्लांना पाजायचे आणि त्यांची चरबी घटते का ते पाहायचं, असा प्रयोग होता. दुसऱ्यात तेच जंतू, पण तुलनेसाठी उकळून मारलेले. थंडीत टिकावेत म्हणून दोन्ही साय काढलेल्या दुधात कालवले होते. त्यात रोगजंतू आहेत की नाहीत, ही तपासणी अजून व्हायची होती.

तिनं फ्रिज उघडला. दुसरा डबा जागेवर होता, पण ओलाव्यानं दोन्ही चिठ्ठ्या सुटून खालच्या भाजीवर पडल्या होत्या. काकडीवर 'जिवंत', दुधी भोपळ्यावर 'मृत'.

"दही लागलं का?" तिनं घाबरत विचारलं.

"लागलं का म्हणजे? सुरीनं कापावं असं!"

मेलेल्या जंतूंनी दही लागत नाही.

तेवढ्यात सासरे वाटी चाटूनपुसून साफ करत बाहेर आले. पोटाचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच घरी परतले होते.

"काय झालंय गं दही! इतक्या दिवसांनी तोंडाला चव आली."

"बाबा, पोटात काही होतंय?"

"होतंय ना."

"काय?"

"भूक लागलीय. आणखी आहे का?"

"अजिबात नाही!" ती ओरडलीच. मग सासूबाईंकडे वळली. "आणखी कुणाला दिलंत?"

"वरच्या वहिनींना. त्यांची वाटी होती आपल्याकडे. रिकामी कशी परत करायची?"

वर तिचे विभागप्रमुख राहत होते. याच प्रयोगावर ते तिची नोकरी कायम करणार होते, आणि नमुना केंद्राबाहेर नेऊ नये हा नियमही त्यांनीच केला होता. ती जिना चढू लागली.

सर जेवून खुर्चीत विसावले होते. पोट टेबलाला टेकलेलं, समोर रिकामी वाटी.

"या, या! तुमच्या सासूबाईंच्या हाताला काय चव आहे हो!"

तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी रिकामी वाटी लांब सरकवली.

"कोंबडीच्या आतड्यातलं?"

"आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आतड्यातलं, सर."

"तपासणी?"

"व्हायची होती."

"पण तो मेलेल्यांचा डबा असू शकेल."

"दही घट्ट लागलंय, सर."

"म्हणजे जिवंतच." सरांनी पोटावर हात ठेवला. "काहीतरी हालतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कुठल्या कोंबड्यांचं म्हणालात? सडपातळ ना? नक्की?"

"नक्की, सर."

"हं," सर म्हणाले, आणि मग आत बघून ओरडले, "अहो, डॉक्टरांना फोन लावा!"

सरांची बायको हात पुसत बाहेर आली. "कशाला? ते दही आपल्याच विरजणाचं आहे. काल काकू आल्या होत्या मागायला. घरचं विरजण लावलं तर दूध दुधासारखंच राहिलं म्हणाल्या, कुंडीत ओतून दिलं. मी वाटीभर विरजण दिलं. सुनेला सांगू नका म्हणाल्या होत्या, आता निघून गेलं तोंडातून."

सून न विचारताच खुर्चीत बसली. कुंडीत गेलेले मेलेले होते. बाबा वाचले, सर वाचले, आणि जिवंत डबा अजून फ्रिजमध्ये होता.

सरांचा हात मात्र पोटावरच होता. "म्हणजे कसलाच परिणाम होणार नाही?"

"कसलाच नाही, सर."

"जेवल्यापासून जरा हलकं वाटत होतं हो मला," सर खिन्नपणे म्हणाले.

दोन-दोन पायऱ्या उतरत ती घरी आली. सासूबाई कोमट दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. ओट्यावर, पहिल्या डब्याशेजारी, दुसरा डबा उपडा घातलेला होता.

"तुझ्यापासून काय लपवायचं," सासूबाई म्हणाल्या, "तुझं ते पहिलं विरजण लागलंच नव्हतं बघ. चमचाभर घालून उरलेलं टाकलं होतं. यांना आणखी दही हवंय, म्हणून या वेळी डबाच्या डबा घातला. लागेल ना गं?"

सुनेनं हळूच झाकण उचलून पाहिलं.

"लागेल, आई," ती म्हणाली. "हे नक्की लागेल."