भूपाल अण्णांचा भोंगा

आमच्या पलूसचे भूपाल अण्णा दिवस बुडायच्या आत गप्प होतात. वाक्य अर्धं असलं तरी. अण्णा रिक्षाच्या टपावर भोंगा लावून गावोगाव जाहिरात करत फिरतात, आणि घराणं जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा नेम त्यांनी जन्मात मोडलेला नाही. एकदा कडेगावात "उद्या सकाळी दहा वाजता, मारुतीच्या देवळासमोर, भव्य..." इथवर आले, मावळतीकडे बघितलं, माईक बंद केला आणि रिक्षा घराकडे वळवली. भव्य काय, ते गावाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दहाला देवळासमोर निम्मं गाव हजर. कुणी म्हणत होतं कुस्त्या, कुणी म्हणत होतं महाप्रसाद. निघालं नेत्रतपासणी शिबिर. आलेच आहोत तर म्हणून सगळ्यांनी डोळे तपासून घेतले, आणि डॉक्टरांना दुपारी मदतीला आणखी माणसं बोलवावी लागली.

दुसरा कुणी असता तर त्यानं ही युक्ती म्हणून पुढं चालवली असती. अण्णांना आजही त्याची लाज वाटते. अर्धं बोलणं म्हणजे फसवणूक, त्या दिवशी नाइलाज होता, असं ते कुणी न विचारताही सांगतात.

मीही अण्णांच्याच धंद्यात आहे. फक्त माझ्या कार्डावर 'कॉन्टेंट स्ट्रॅटेजिस्ट, इंडिपेंडंट म्युझिक' असं छापलंय. म्हणजे कुठल्या कंपनीच्या आधाराशिवाय जी पोरं स्वतःची गाणी स्वतः लिहून गातात, त्यांच्यासाठी मी रील बनवतो, पोस्टी लिहितो आणि लोकांनी ती गाणी ऐकावीत म्हणून इंटरनेटवर आर्जवं करतो. पुण्यात चार वर्षं हे केलं. मग लॅपटॉप आणि गादी घेऊन पलूसला परत आलो आणि 'हल्ली मी रिमोट काम करतो' असं सांगायला लागलो. वडील पाहुण्यांना सांगतात, तो गाणाऱ्यांचं बघतो. म्हणजे काय बघतो, हे पाहुण्यांनी विचारायच्या आत ते द्राक्षबागेचा विषय काढतात. आई मुलीकडच्यांना 'ऑनलाईन आहे' एवढंच सांगून पोहे पुढं करते.

मला मान द्यायचे ते एकटे अण्णा. चहाच्या टपरीवर चारचौघांत ओळख करून द्यायचे, "हा आमच्याच लाईनीतला हाय. फक्त ह्याचा भोंगा कुणाला दिसत न्हाई." माझ्या पोस्टी बघता तो कुणाला ऐकूही येत नव्हता, पण ते मी बोललो नाही.

तर माझ्याकडे तेव्हा एकच कलाकार उरली होती. सारिका. आटपाडीकडची पोरगी, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि ही गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारी. आवाज असा की ऐकताना माणूस हातातला मोबाईल खाली ठेवतो, आणि आमच्या धंद्याला नेमकं तेच परवडत नाही. तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम पुण्यात करायचा होता. मीच छाती फुगवून म्हणालो, नाही, आपण आपल्या भागात ऑडियन्स घडवू. पलूसचं एक मंगल कार्यालय ठरवलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की हा कार्यक्रम पडला तर सांगलीला दाजींच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बसायचं. दाजींनी माझ्यासाठी फिरती खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

दोन महिने मी राबलो. चौदा रील केले. पोस्टींचं रंगीत वेळापत्रक केलं, त्यात हिरवा म्हणजे भावना आणि निळा म्हणजे माहिती. रीलवर बदाम भरपूर आले, पण ते सगळे नागपूरहून आणि दुबईहून. कार्यक्रम पाच दिवसांवर आला तेव्हा सात तिकिटं गेली होती, त्यातली चार सारिकाच्या मावश्यांनी घेतलेली. शेवटी वडीलच म्हणाले, अण्णांना गाठ.

मी इन्स्टाग्रामवरचाच मजकूर इमोजींसकट छापून अण्णांना नेऊन दिला. अण्णांचा दुसरा नेम असा की कागदावर जे आहे ते सगळं वाचायचं. पैसे सगळ्या कागदाचे घेतलेत, मग मधलं गाळायचं कसं? एसटी स्टँडसमोर त्यांनी माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "येतेय तुमची लाडकी सोलफुल सारिका, हसरं तोंड, हसरं तोंड, जाळ, जाळ, जाळ." समोरच्या घरातली म्हातारी कुठं लागलाय जाळ म्हणत घागर घेऊन बाहेर आली. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून उभा राहिलो.

अण्णा काही हसले नाहीत. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ह्यात कोण हाय, कुठं हाय, कवा हाय. पण मी का येऊ, ते न्हाई. घरी वाचून बघतो."

हे 'घरी वाचून बघतो' म्हणजे अण्णांचं पालुपद. दुसऱ्या दिवशी कागद परत आला, 'सोलफुल'खाली पेन्सिलीची रेघ. मी दुसरा लिहून दिला. तो परत आला, 'अनप्लग्ड'खाली रेघ. तिसरा आला, 'व्हाइब'खाली रेघ, तो मी हट्टानं तसाच परत नेऊन दिला. असे तीन दिवस गेले आणि अण्णा आपले खताच्या दुकानाची जाहिरात करत फिरतायत. मला मनातून संताप यायचा. उंब्रजपर्यंत आवाज पोचवणारा माणूस, आणि माझ्या तीन ओळींवर अडून बसलेला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी ठरवलं की आज अण्णांना सोडायचं नाही. लोक रानातून घरी येतात ती संध्याकाळची वेळ, तेव्हा भोंगा फिरलाच पाहिजे. साडेपाचला टपरीवर गाठायला गेलो, तर अण्णा नुकतेच घराकडे गेले होते. मोटरसायकल काढली आणि मागोमाग त्यांच्या अंगणात जाऊन थांबलो.

अण्णा बाजेवर बसून माझा कागद मोठ्यानं वाचत होते. समोर घराची पायरी. पायरीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. माणूस कुणी नव्हतं. तरी अण्णा एकेक वाक्य वाचून थांबत होते, पायरीकडे बघत होते आणि पुढचं वाचत होते. अण्णांची बायको, आमच्या काकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा पुण्यात होतो आणि भेटायला यायचं राहूनच गेलं होतं. आता आलो होतो ते भांडायला.

मला बघून अण्णा ओशाळले नाहीत. बस म्हणाले. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "तीस वर्षं आमची ही हितं बसून काहीबाही निवडायची आन् मी उद्याची जाहिरात वाचून दाखवायचो. शाळा शिकलेली न्हवती. जिथं तिचा सुपातला हात थांबायचा, तिथला शब्द मी बदलायचो. तिला कळलं की तालुक्याला कळायचं. आता हात थांबतोय का न्हाई, ते मला कळंना झालंय रं."

माझं भांडण तिथंच विरलं. मी पायरीवर बसलो, सूप पुढं ओढलं आणि शेंगा फोडायला लागलो. अण्णांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. 'व्हाइब' आला आणि माझा हात थांबला. शब्द मीच लिहिलेला, चार वर्षं त्याच्यावर पोट भरलेलं, आणि तिथं पायरीवर बसल्यावर मला त्याचा अर्थ सांगता येईना.

अण्णांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं की ही पोरगी कोण, कुणाची आणि मी तिच्या गाण्याला का जाऊ. मी सांगत गेलो. आज्जा मेंढरांमागं फिरायचा. त्याच्याकडून ऐकलेल्या वाटांची गाणी ही करते. आईनं तिला अजून एकदाही स्टेजवर बघितलेलं नाही, कारण कार्यक्रम सगळे लांब आणि मेंढरं कुणावर टाकायची? उद्या पहिल्यांदा आई येणार आहे, मेंढरं भावाच्या हवाली करून. हे सगळं सारिकानं मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. ते हिरव्यातही बसेना आणि निळ्यातही बसेना, म्हणून मी सोडून दिलं होतं.

"एवढंच पाहिजे हुतं की गड्या," अण्णा म्हणाले. मग मला हाताला धरून आत नेलं आणि दिवस बुडायच्या आत भाकरी-आमटी वाढली. संध्याकाळच्या भोंग्याचं मी नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून भोंगा फिरला. अण्णा सांगत होते, "आटपाडीची धनगराची पोरगी हाय, स्वतःची गाणी स्वतः करती. आज तिची आई पहिल्यांदा ऐकायला येणार हाय. आईच्या म्होरं खुर्च्या रिकाम्या दिसू ने, म्हणून तुमी या." एवढंच. ना जाळ, ना हसरं तोंड.

संध्याकाळी लोक आले. मागच्या दोन रांगा रिकाम्याच राहिल्या, खोटं कशाला सांगू. पण बाकी सगळा हॉल भरला, आणि बायका येऊन आधी विचारत होत्या की आई कुठली. सारिकाची आई पहिल्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती. पहिलं गाणं संपल्यावर तिनं टाळी वाजवली नाही, मागं वळून लोकांकडे बघितलं. मला रडू आलं आणि मी ते मोबाईल वर धरून लपवलं. शूटिंग काही झालं नाही, बटण दाबायचंच राहिलं होतं.

दाजींची खुर्ची अजून रिकामी आहे. ते म्हणतात, घाई नाही, ती कुठं जात नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी अण्णांना शोधलं. दिवस बुडालेला, म्हणून चहालाही हात न लावता ते दाराशी उभे होते. मी पाया पडलो. ते दुसरीकडेच बघत होते. म्हणाले, "उद्या मोकळा हायस का? खतवाल्याची नवी जाहिरात हाय. दिवस बुडायच्या आत घराकडं ये."

मी विचारलं, लिहून द्यायची आहे का?

"लिहायला न्हवं, ऐकायला. तीस गावं ऐकत्यात रं मला. घरी ऐकायला कुणी न्हाई."

मी गेलो. पायरीवर बसलो, सूप पुढं घेतलं. अण्णांनी वाचायला सुरुवात केली. साधी दहा-बारा वाक्यं होती, सगळी सरळ आणि स्वच्छ. शेवटचं वाक्यसुद्धा मला नीट कळलं होतं. तरी मी शेंगा फोडणारा हात थांबवला. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मावळतीकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.