नकटीचा नेम

"यंदा ईस्टरचं हॅम विकत आणायचं नाही," लिओनार्ड ऊर्फ लेन कुझ्माने जाहीर केलं. "मी जिंकून आणणार."

त्याच्या बायकोने, रीटाने, कांदा चिरणं थांबवलं नाही. "गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास. शेवटी सणाच्या आदल्या दिवशी दुकानात उरलेलं एकुलतं एक हॅम आणावं लागलं. बर्नी म्हणाला, यापेक्षा बुटाचा तळवा मऊ लागेल."

बर्नी होलोवाच हा रीटाचा थोरला भाऊ, आणि लेनच्या आयुष्यातला एकमेव त्रास. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या त्या छोट्या गावात ईस्टरच्या आधी शिकारी क्लबात नेमबाजी होई. बक्षीस म्हणून मांस मिळे: बेकनचे तुकडे, सॉसेजच्या माळा आणि अखेरच्या फेरीला हॅम, म्हणजे डुकराची अख्खी, धुरावलेली मांडी. ही शेवटची फेरी फक्त आखूड नळीच्या रिव्हॉल्वरांची. तसलं रिव्हॉल्वर बर्नीकडे होतं; लेन दरवर्षी घेईन म्हणे, पण घेत नसे. त्यामुळे दरवर्षी हॅम बर्नी जिंके आणि त्याची गोष्ट लेनच्या टेबलावर बसून सांगे.

यंदा मात्र लेनने ऑगी ट्राउटमनच्या दुकानात काचेखाली एक जुनं रिव्हॉल्वर पाहिलं होतं. कुण्या रेल्वे पहारेकऱ्याचं. अक्रोडाची मूठ, कडांवर झिजून पांढरा पडलेला निळा रंग, आणि नळी इतकी आखूड, की सुरू होण्याआधीच संपावी. लेन दर शनिवारी जाऊन ते हातात घेई आणि परत ठेवी.

"घे तरी, नाहीतर लग्न तरी कर तिच्याशी," ऑगी अखेर म्हणाला.

लेनने घेतलं. ऑगीने ओळखपत्र पाहिलं, फोनवरून सरकारी चौकशी केली आणि पुडकं हातात देताना सांगितलं, "म्हातारी आहे. हिचे काही हट्ट असतील, ते सांभाळून घे."

रीटाने ते पाहिलं आणि ती म्हणाली, "अगदीच नकटी आहे रे!" तेव्हापासून तिचं नाव नकटी पडलं.

नकटीचा हट्ट पहिल्याच दिवशी कळला. लेनने कार्डाच्या मधोमध नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. कार्ड कोरं. पुन्हा झाडली. पुन्हा कोरं. भोकं शेजारच्या फळीवर सापडली, डावीकडे वीतभर अंतरावर. पण तीही एकमेकांना चिकटून. म्हणजे हात चुकत नव्हता. म्हातारीचं नाकच वाकडं होतं.

दुसरा कोणी असता तर दुरुस्तीला दिली असती. पण लेनने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. ती बसही उजवीकडे ओढायची, आणि त्याने ती तशीच, स्टिअरिंग डावीकडे धरून, निवृत्त होईपर्यंत चालवली. वाकड्याशी वाकडं होऊन सरळ जाता येतं, हा त्याचा अनुभव होता. त्याने वीतभर उजवीकडे नेम धरायला सुरुवात केली. थंडी सरेपर्यंत गोळ्या त्याच्या कार्डाच्या काळ्या ठिपक्यात पडायला लागल्या.

क्लबात मात्र हसं झालं. तिथे एकाच लांब फळीवर कार्डं शेजारीशेजारी टाचत. लेन उभा राहिला, की त्याची नळी उजवीकडच्या माणसाच्या कार्डावर रोखलेली दिसे.

"लेन, बाबा, ते माझं कार्ड आहे!" बर्नी ओरडे.

"माहीत आहे."

"मग तिकडे काय बघतोस? स्वतःच्या ताटात बघ की!"

लेन चाप ओढे. गोळी त्याच्याच ताटात पडे. बर्नी पोट धरून हसे. ते तिरपं उभं राहणं त्याच्याच्याने पाहवत नसे.

घरी जेवताना लेन नकटीबद्दल कुरकुर करी. म्हणजे कौतुकच, पण कुरकुरीच्या सुरात. "काय सांगू, रीटा, वीतभर डावीकडे! अशी वाकडी बाई जन्मात पाहिली नाही." रीटा ऐकून घेई. तिने कुरकुर तेवढी ऐकली. कौतुक तिच्या लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या आठवड्यात भलतंच झालं. नकटीच्या पोलादी पेटीची किल्ली हरवली. लेनने खुंटीवर, कोटांच्या खिशांत, गाडीत, कुत्र्याच्या अंथरुणात शोधली. सोमवारी हरवलेली किल्ली शुक्रवारी संध्याकाळी पिठाच्या डब्यात सापडली, तीही रीटालाच.

"पिठात कशी गेली?"

"मला काय विचारतोस? सापडली ना?"

लेनने पेटी उघडून पाहिलं. नकटी जागेवर होती, तेल लावल्यासारखी चकाकत होती. सराव बुडाला होता. पण सायकल आणि वाकडी बंदूक माणूस विसरत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

शनिवारी क्लबाच्या स्वयंपाकघरात रीटा घेवड्याचं तिखट कालवण ढवळत होती. बाहेर बेकन संपलं, सॉसेज संपली आणि हॅमची फेरी आली. प्रत्येकाला एकच गोळी. ज्याचं भोक मधल्या फुलीच्या सर्वांत जवळ, त्याचं हॅम. निवाडा ग्लॅडिस पॉट्सबाईंचा. गावच्या निवृत्त ग्रंथपाल होत्या आणि भिंग स्वतःचं आणत. त्यांचा नियम एकच होता: ज्याच्या कार्डावर भोक, त्याची गोळी. अपील नाही. पूर्वी दोन सख्खे भाऊ एका भोकावरून भांडले आणि पुढे एकमेकांच्या लग्नालासुद्धा गेले नाहीत, तेव्हापासून तो नियम पाळला जाई.

चिठ्ठ्या निघाल्या. लेनच्या बरोबर उजवीकडे बर्नी आला.

"आज तरी स्वतःच्या ताटात बघ हं," बर्नी कुजबुजला.

हुकूम झाला. लेनने हात उचलला आणि सवयीप्रमाणे वीतभर उजवीकडे, बर्नीच्या कार्डाच्या नेमक्या फुलीवर नेम धरला. इतका स्थिर हात त्याचा कधीच नव्हता. बर्नीला ते दिसलं आणि त्याला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी चाप ओढले. बर्नीनेही ओढला, हसता हसता.

पॉट्सबाई भिंग घेऊन फळीपाशी गेल्या. लेनच्या कार्डापाशी थांबल्या. "कोरं," त्या म्हणाल्या. मग बर्नीच्या कार्डापाशी थांबल्या आणि बराच वेळ वाकून राहिल्या. "चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. फुली उरलीच नाही. तिच्याच जागी भोक आहे. हॅम, बर्नार्ड होलोवाच."

बर्नीने टोपी हवेत फेकली. त्याची स्वतःची गोळी मागच्या मातीच्या बांधात शिरून गाढ झोपली होती, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेन नकटी रिकामी करून उभा होता, तेवढ्यात एप्रनला हात पुसत रीटा धावत आली. "काय रे, गेली का सरळ?"

"कोण सरळ?"

"नकटी! ऑगीकडून नीट करून आणली मी. नळी जरा फिरवली त्याने. तुझ्या वाढदिवसाची भेट! म्हणून तर किल्ली लपवली. तुझा चेहरा बघायचा होता मला."

लेनने फळीकडे पाहिलं. बर्नीच्या कार्डातल्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. आयुष्यातली सर्वोत्तम गोळी, आणि ती मेव्हण्याच्या नावावर जमा. सांगायला तोंड उघडलं, तर नियम आडवा येत होता. आणि नियम बाजूला ठेवला, तरी समोर रीटाचा चेहरा होता.

"अगदी सरळ गेली," तो म्हणाला.

ईस्टरला बर्नी हॅम घेऊन आला, आणि चौकटीत बसवलेलं कार्डही. टेबलावर लाल बीट घातलेली झणझणीत चटणी आणि अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी होती. बर्नीने पहिला जाड काप लेनच्या ताटात वाढला. "सांत्वनाचा," तो म्हणाला. "खरं सांगू, लेन? हसता हसता डोळे मिटले होते माझे. तरी मधोमध! याला म्हणतात अंगातली कला."

"आहेच," लेन म्हणाला आणि काप तोंडात टाकला. हॅम अप्रतिम होतं. त्याने आणखी मागून घेतलं. "बर्नी, हे कार्ड आमच्याकडे राहू दे. नुसतं बघून काही शिकेन."

बर्नी इतका सुखावला, की त्याने स्वतः खिळा मागितला आणि नकटीच्या पेटीच्या वर ती चौकट ठोकून दिली.

पाहुणे गेल्यावर लेन ताटं पुसत होता. रीटा चौकटीकडे पाहत उभी होती.

"ऑगी म्हणाला होता, आता जिथे बघाल तिथेच गोळी जाईल." ती हळूच वळली. "लेन, तू नेम कुठे धरला होतास?"

लेनने ताट उजेडाकडे धरून पुसलं.

"हॅमवर," तो म्हणाला.